सोन्याच्या चेंडूवर पत्रकाराची सही

बॅलन डी'ओर जाहीर झाला की आपल्याकडेही दोन-चार दिवस भांडणं चालतात. कोल्हापुरात तर विचारूच नका. पेठेतली तालीम असो नाहीतर कॉलेजचा कट्टा, 'मेस्सीला फुकटचा दिला', 'रोनाल्डोवर अन्याय झाला', 'विनिशियसचा काटा काढला' हे सगळं ठरलेलं. व्हॉट्सअॅपचा ग्रुप फुटतो, दोन ग्रुप होतात आणि आठवड्याने सगळे परत एकाच टपरीवर चहा पितात.

या सगळ्या भांडणात एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. हा पुरस्कार ठरवतं कोण?

बऱ्याच जणांना वाटतं फिफा. काहींना वाटतं ऑनलाइन मतदान असेल, आपणही बटण दाबलं असतं. खरं उत्तर असं की हा पुरस्कार पत्रकार ठरवतात. एका देशाचा एक पत्रकार, त्याचं एक मत, आणि नंतर त्याच्या नावासकट ते मत छापून येतं. मी गेली वीसेक वर्षं बातम्या लिहून पोट भरतोय, त्यामुळे मला मेस्सी-रोनाल्डोपेक्षा या मतदारांमध्येच जास्त रस आहे. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागेल. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४७ साली तिथल्या फुटबॉल पत्रकारांनी आपली संघटना काढली. संस्थापकांत चार्ल्स बकन हे नाव होतं. हा माणूस आधी स्वतः नामांकित खेळाडू, नंतर पत्रकार. वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू पत्रकारांनी निवडावा ही कल्पना त्याचीच. १९४८ साली पहिला मान मिळाला स्टॅनले मॅथ्यूजला. या पुरस्काराची मूळ अट वाचण्यासारखी आहे. नुसता चांगला खेळ पुरेसा नव्हता. मैदानावरच्या वागण्यातून जो इतरांपुढे उदाहरण ठेवतो, अशा व्यावसायिक खेळाडूला तो द्यायचा होता. म्हणजे गोल मोजायला कारकून पुरतो, पण माणूस जोखायला पत्रकार हवा, अशी ती समजूत. ती समजूत कितपत खरी ठरली ते पुढे बघू.

एक उदाहरण मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. बर्ट ट्राउटमान. महायुद्धात हिटलरच्या फौजेतला छत्रीधारी सैनिक. पदकं मिळवलेला. इंग्रजांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडला, कैद्यांच्या छावणीत गोलकीपर म्हणून खेळायला लागला आणि सुटका झाल्यावर तिथेच राहिला. १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला घेतलं तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले. बरोबरच होतं त्यांचं, घराघरात कुणीतरी गेलेलं होतं. त्यात मँचेस्टरमध्ये ज्यू वस्ती मोठी. तेव्हा तिथल्या ज्यू धर्मगुरूंनीच जाहीर पत्र लिहून सांगितलं की एका देशाच्या पापाची शिक्षा एका माणसाला देऊ नका.

सात वर्षांनी, १९५६ मध्ये, इंग्लंडच्या पत्रकारांनी याच ट्राउटमानला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडलं. युद्ध संपून अकरा वर्षं झाली होती फक्त. आता यातली गंमत बघा. ट्राउटमान म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते, एफए कप फायनलमध्ये मान मोडली तरी तो शेवटपर्यंत खेळला. त्यामुळे पुष्कळांना वाटतं की पुरस्कार त्या शौर्याबद्दल मिळाला. तसं नाही. पुरस्कार फायनलच्या आधीच जाहीर झाला होता. मान मोडली नसती तरी तो त्याचाच होता. पत्रकारांनी रडकथेला मत दिलं नव्हतं, हंगामभर बघितलेल्या गोलकीपरला दिलं होतं. ज्या देशावर बॉम्ब पडले, त्या देशातल्या लेखणीवाल्यांनी. हे सोपं नसतं हो.

आता खाडी ओलांडून फ्रान्समध्ये जाऊ.

डिसेंबर १९५४. इंग्लंडच्या वुल्व्ज क्लबने हंगेरीच्या होनवेद संघाला ३-२ ने हरवलं. होनवेद म्हणजे पुष्काशचा संघ, साधा नव्हे. झालं, इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी वुल्व्जला थेट जगज्जेतं करून टाकलं. (मथळे देण्यात आपणच पुढे आहोत असं कुणी समजू नये.) पॅरिसच्या 'लेकिप' या क्रीडा दैनिकात गॅब्रिएल आनो नावाचा ज्येष्ठ पत्रकार होता. तरुणपणी फ्रान्सकडून खेळलेला. त्याने लिहिलं की थांबा, आधी मॉस्को आणि बुडापेस्टला जाऊन खेळा, मग जगज्जेते म्हणवून घ्या. नुसतं लिहून तो थांबला नाही, सगळ्या युरोपच्या क्लबांची स्पर्धाच घ्यावी अशी मागणी त्याने लावून धरली. १९५५ मध्ये ती स्पर्धा सुरू झाली. आज आपण रात्री दीड वाजता जागून जी चॅम्पियन्स लीग बघतो, तिचं मूळ हे. एका पत्रकाराची चिडचिड.

पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, आनो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'फ्रान्स फुटबॉल' या साप्ताहिकातर्फे युरोपातला सर्वोत्तम खेळाडू निवडायचं ठरवलं. बॅलन डी'ओर म्हणजे सोन्याचा चेंडू. पद्धत अगदी साधी. १६ देशांतले १६ पत्रकार. प्रत्येकाने पाच नावं लिहायची. पहिल्याला ५ गुण, शेवटच्याला १. बेरीज करायची, संपला विषय.

पहिला निकाल आला आणि पहिला वादही. मॅथ्यूज ४७, अल्फ्रेडो डी स्टेफानो ४४, रेमाँ कोपा ३३. डी स्टेफानोच्या रेआल माद्रिदने त्याच वर्षी पहिला युरोपियन कप जिंकला होता. मॅथ्यूजचं वय होतं ४१ आणि तो खेळत होता ब्लॅकपूलकडून. आजच्या भाषेत बोलायचं तर त्याच्याकडे 'ट्रॉफी कुठाय?' पण त्याच वर्षी मे महिन्यात वेम्बलीवर इंग्लंडने ब्राझीलला ४-२ ने हरवलं तेव्हा या म्हाताऱ्याने ब्राझीलच्या बचावाला नाचवलं होतं. शिवाय इतक्या वर्षांच्या कामगिरीला नमस्कार म्हणूनही काहींनी मत दिलं असणार. फ्रेंच साप्ताहिकाचा पुरस्कार, तिसरा आलेला खेळाडू फ्रेंच, आणि पहिला इंग्रज. निदान घरचं कार्य म्हणून घरच्यालाच टिळा लावला, असं तरी झालं नाही.

या पद्धतीत मला सगळ्यात जास्त आवडते ती बरोबरी. लहान देशाच्या पत्रकाराच्या मताचं वजन इंग्लंड-इटलीच्या पत्रकाराइतकंच. त्यामुळे ज्या खेळाडूंना श्रीमंत क्लब नव्हते, जाहिराती नव्हत्या, पासपोर्टसुद्धा सरकारच्या कपाटात असायचा, अशांनाही हा चेंडू मिळाला. १९६२ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा योसेफ मासोपुस्ट, १९६३ मध्ये रशियाचा लेव याशिन, १९६७ मध्ये हंगेरीचा फ्लोरियान आल्बर्ट. याशिन तर आजवर हा पुरस्कार मिळवलेला एकमेव गोलकीपर. मासोपुस्टला हा चेंडू प्रागमध्ये, बेन्फिकाविरुद्धच्या सामन्याआधी मैदानावर दिला गेला. ना सोहळा, ना लाल गालिचा. युसेबिओने हात मिळवला, मासोपुस्टने सोन्याचा चेंडू खेळाच्या बॅगेत टाकला आणि सामना संपल्यावर ट्रामने घरी गेला. आजचा सोहळा टीव्हीवर बघताना मला नेहमी ती ट्राम आठवते.

एकेका मताला किती किंमत असते तेही बघा. १९६६ मध्ये बॉबी चार्ल्टनला ८१ गुण, युसेबिओला ८०. १९९६ मध्ये जर्मनीच्या माथियास सामरला १४४ आणि ब्राझीलच्या रोनाल्डोला १४३. एक गुण! युरोपातल्या कुठल्याशा वर्तमानपत्राच्या कचेरीत बसलेल्या एका माणसाने लागोपाठची दोन नावं वरखाली केली असती, तर इतिहास बदलला असता. ग्रामपंचायतीला एका मताने पडलेले लोक आपल्या आसपास असतात, त्यांना हे दुःख कळेल.

पण म्हणून सगळं गोड होतं असं समजू नका. या पुरस्काराच्या पायातच एक मोठी खोट होती. तो फक्त युरोपियन खेळाडूंसाठी होता.

म्हणजे पेलेला तो कधीच मिळू शकत नव्हता. मॅराडोनाला नाही, गारिंचाला नाही. १९८६ चा वर्ल्डकप मॅराडोनाने जवळपास एकट्याने जिंकून दिला, अख्ख्या जगाने तो बघितला, आणि त्या वर्षीचा बॅलन डी'ओर गेला डायनामो कीव्हच्या इगोर बेलानोव्हला. बेलानोव्ह चांगला खेळाडू होता, त्याचा यात काही दोष नाही. पण मतपत्रिकेवर मॅराडोनाचं नाव लिहायचीच परवानगी नसेल, तर मतदार कितीही प्रामाणिक असून उपयोग काय?

आणि 'युरोपियन' म्हणजे तरी कोण? डी स्टेफानोचा जन्म अर्जेंटिनातला. त्याला स्पेनचं नागरिकत्व मिळालं, तो चालला. १९६१ चा विजेता सिव्होरी, तोही अर्जेंटिनाचा, इटलीचा कागद मिळाला, तोही चालला. १९६५ चा विजेता युसेबिओ जन्मला मोझांबिकमध्ये. तिथे पोर्तुगालचं राज्य होतं म्हणून तो युरोपियन ठरला. म्हणजे आफ्रिकेचा मुलगा गुलामीच्या कागदावर आत आला, आणि स्वतंत्र ब्राझीलचा पेले बाहेर राहिला. जातीच्या दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा मारलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. कागद आधी, माणूस नंतर.

ही अट १९९५ मध्ये बदलली. युरोपातल्या क्लबात खेळणारा कुठल्याही देशाचा खेळाडू चालेल असं ठरलं, आणि पहिल्याच फटक्यात जिंकला लायबेरियाचा जॉर्ज वेआ. आजवरचा एकमेव आफ्रिकन विजेता. पुढे २०१८ मध्ये तो त्याच्या देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. २००७ पासून क्लब कुठला ही अटही गेली आणि मतदारही जगभरातून घेतले गेले, त्या वर्षी ९६ पत्रकार होते. २०१६ मध्ये साठाव्या वर्षानिमित्त 'फ्रान्स फुटबॉल'ने स्वतःच जुन्या वह्या उघडल्या. युरोपची अट नसती तर काय झालं असतं? त्यांच्या हिशेबाने पेलेला सात, मॅराडोनाला दोन, गारिंचा, केम्पेस आणि रोमारिओला एकेक. म्हणजे तोवरच्या ३९ पैकी १२ निकाल फिरले असते. जुन्या विजेत्यांचे चेंडू कुणी परत मागितले नाहीत, पण हिशेब लोकांसमोर मांडला. किती वर्तमानपत्रं आपला साठ वर्षांचा जुना हिशेब असा चव्हाट्यावर मांडतील?

महिलांचं तर विचारूच नका. त्यांना पहिला बॅलन डी'ओर मिळायला २०१८ उजाडलं. इंग्लंडच्या पत्रकारांनी महिला खेळाडूचा वेगळा पुरस्कार सुरू केला तोही त्याच वर्षी. पॅरिसला नॉर्वेची आडा हेगरबर्ग व्यासपीठावर आली, आणि सूत्रसंचालकाने तिला काय विचारावं? कंबर हलवून नाचतेस का म्हणून! तिने एका शब्दात 'नाही' म्हटलं आणि ती निघाली. बासष्ट वर्षं उशीर आणि वर हा मान.

आता मतदारांकडे परत येतो, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे.

पत्रकारांना काय कळतं, ज्यांनी कधी बूट घातले नाहीत त्यांनी खेळाडू कसे जोखायचे, हा आक्षेप जुना आहे. इंग्लंडमध्ये म्हणूनच १९७४ पासून खेळाडूंच्या संघटनेने आपला वेगळा पुरस्कार सुरू केला. खेळाडूंनीच खेळाडू निवडायचा. पहिल्याच वर्षी दोघांचे रस्ते वेगळे. खेळाडूंनी लीड्सचा दणकट बचावपटू नॉर्मन हंटर निवडला, पत्रकारांनी लिव्हरपूलचा शांत इयन कॅलहन. ज्याने समोरच्याच्या पायाचा मार खाल्लाय त्याची नजर वेगळी, आणि जो वरून बघतोय त्याची वेगळी. दोन्ही हव्यात. १९९६ मध्ये तर पत्रकारांनी एरिक कॅन्टोनाला निवडलं. आधीच्याच वर्षी या गड्याने प्रेक्षकाला लाथ घातली होती आणि महिनोन्महिने बंदी भोगली होती! खेळाडूंनी मात्र लेस फर्डिनांडला दिलं. बकनची ती 'उदाहरण ठेवणारा' अट तेव्हा कुठे गेली, असा प्रश्न कुणीही विचारावा. आणि १९९९ मध्ये पत्रकार आणि खेळाडू दोघांनी मिळून टॉटनहॅमच्या डेव्हिड जिनोलाला निवडलं. त्याचा संघ लीगमध्ये ११ वा. त्याच हंगामात मँचेस्टर युनायटेडने लीग, कप आणि युरोप असं तिन्ही जिंकलं. मतं मात्र हंगाम संपायच्या आधीच पडून गेली होती.

तर पत्रकार चुकतात. पण मग दुसऱ्यांच्या हाती दिलं तर?

तोही प्रयोग झाला. २०१० ते २०१५ अशी सहा वर्षं फिफाने आपला पुरस्कार बॅलन डी'ओरमध्ये विलीन केला. मतदार झाले प्रत्येक देशाचा कर्णधार, प्रशिक्षक आणि एक पत्रकार. तिघांचं वजन सारखं. कागदावर किती छान दिसतं! पहिल्याच वर्षी काय झालं बघा. २०१० मध्ये नेदरलँड्सचा वेस्ली स्नायडर. इंटर मिलानसोबत लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग जिंकला, वर्ल्डकपमध्ये पाच गोल मारून संघाला फायनलला नेलं. फक्त पत्रकारांची मतं मोजली तर तोच पहिला. सगळ्यांची मिळून मोजली तर तो पहिल्या तिघांतही नाही. जिंकला मेस्सी. मेस्सी मोठा नाही असं म्हणायची माझी काय छाती आहे? पण प्रश्न त्या एका वर्षाचा होता.

२०१३ ला आणखी मजा. मतदानाची मुदत संपत आली आणि फिफाने ती दोन आठवडे वाढवून दिली, पुरेशी मतं आली नाहीत म्हणून. मधल्या काळात रोनाल्डोने स्वीडनविरुद्ध तीन गोल ठोकून पोर्तुगालला वर्ल्डकपला नेलं. पुरस्कार रोनाल्डोला. पत्रकारांच्या मतांत पहिला होता बायर्न म्युनिकचा फ्रँक रिबेरी, तो एकूणात तिसरा आला. आपल्याकडे टेंडरची मुदत वाढली की जे प्रश्न विचारतात, तेच तेव्हा विचारले गेले.

आणि कर्णधारांची मतं? ती छापून यायची म्हणून आपल्याला कळलं. २०१३ मध्ये मेस्सीची तीन नावं होती इनिएस्ता, शावी आणि नेयमार, तिघेही त्याच्याच क्लबचे. रोनाल्डोची तीन होती फाल्काओ, बेल आणि ओझिल. एकाच्या यादीत दुसरा नाही! जगातले दोन सर्वात मोठे खेळाडू, आणि दोघांनाही दुसरा पहिल्या तिघांत बसतो असं वाटलं नाही. यात मला राग कमी आणि हसू जास्त येतं. निवडणुकीला उभा असलेला उमेदवार समोरच्याला मत देईल अशी अपेक्षा कुणी करतं का? म्हणून तर त्याच्या हातात निकाल द्यायचा नसतो.

२०१६ पासून फिफा वेगळी झाली आणि बॅलन डी'ओर परत पत्रकारांकडे आला. पण खरी सत्ता अजूनही मालकाच्या हातात असते, हे विसरू नका. ३० नावांची यादी 'फ्रान्स फुटबॉल' बनवतं, मतदाराने त्यातूनच निवडायचं. २०२० मध्ये कोरोनाचं कारण देऊन त्यांनी पुरस्कारच रद्द केला. त्या वर्षी रॉबर्ट लेवांडोव्स्की असा खेळत होता की मत घेतलं असतं तर बहुधा निकाल सांगायचीही गरज पडली नसती. मतदार शंभर असोत नाहीतर दोनशे, मतदान घ्यायचं की नाही हे एकटा मालक ठरवतो.

इथे थोडं घरचं बोलतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका संस्थेने क्रीडा पुरस्काराच्या निवड समितीवर मला घेतलं. पत्रिकेत नावही छापलं. बैठकीला गेलो तर टेबलावर स्मृतिचिन्हं मांडलेली, नावं कोरून तयार! मी विचारलं, मग आम्ही काय निवडायचं? उत्तर मिळालं, 'साहेब, तुमचं नाव पत्रिकेत आहे ना, मग झालं की.' आपल्याकडे 'आदर्श' अमुक आणि 'भूषण' तमुक असे जे पुरस्कार गल्लोगल्ली वाटले जातात, त्यातल्या कितींच्या मतपत्रिका तुम्ही बघितल्यात? कुणी कुणाला मत दिलं, का दिलं? तिथे निवड समितीची सही असते, मत नसतं.

म्हणून मला तो छापील तक्ता महत्त्वाचा वाटतो. देश, पत्रकाराचं नाव, वर्तमानपत्र, आणि त्याने लिहिलेली नावं. २०२४ चंच उदाहरण घ्या. स्पेनच्या रॉड्रीला ११७० गुण, विनिशियसला ११२९. रॉड्री मँचेस्टर सिटीचा, युरो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू. गुडघ्याची दुखापत घेऊन कुबड्यांवर व्यासपीठावर आला. विनिशियसला मिळत नाही हे कळल्यावर रेआल माद्रिदने सोहळ्यावरच बहिष्कार टाकला. वर्णद्वेषाविरुद्ध तोंड उघडल्याची ही शिक्षा आहे असंही बोललं गेलं. मग तक्ता छापून आला. नामिबिया, एल साल्वादोर आणि फिनलंड या तीन देशांच्या पत्रकारांनी आपल्या दहा नावांत विनिशियसला घेतलंच नव्हतं! झालं, इंटरनेटवर या तिघांची पार सालटी काढली. यातल्या फिनलंडच्या पत्रकाराने मात्र नाव अनवधानाने राहिल्याचं जाहीर कबूल केलं.

आता हिशेब करा. नव्या पद्धतीत पहिल्या नावाला १५ गुण, दुसऱ्याला १२. या तिघांनी विनिशियसला रॉड्रीच्या खाली दुसरा ठेवला असता तरी ३६ गुण वाढले असते. फरक होता ४१ चा. म्हणजे बाकी सगळं तसंच राहिलं असतं तर निकाल बदलला नसता. शिवाय रेआल माद्रिदचेच बेलिंगहॅम आणि कार्व्हाहाल तिसरे-चौथे आले, मतं घरातच वाटली गेली. हे सगळं आपल्याला कळतंय कशामुळे? मत उघडं आहे म्हणून. गुप्त असतं तर कटाची कहाणी शंभर वर्षं चालली असती.

पण त्या गदारोळात एक वाक्य सारखं दिसत होतं. 'नामिबियाच्या पत्रकाराला फुटबॉलमधलं काय कळतं?' ते मला टोचलं. कारण 'तालुक्याच्या पत्रकाराला काय कळतं' हे मी आयुष्यभर ऐकत आलोय.

आणि हाच विचार दोन वर्षं आधी नियमात उतरला होता. २०२२ मध्ये बॅलन डी'ओरचे मतदार कमी केले. आधी १७० च्या आसपास देशांचे पत्रकार मत द्यायचे, त्यात भारताचाही एक असायचा. नवा नियम असा की फिफाच्या क्रमवारीत पहिल्या १०० देशांतल्या पत्रकारांनाच मत, आणि महिलांच्या पुरस्काराला पहिल्या ५० ना. त्या जूनमध्ये भारत १०४ वा होता. चार पायऱ्यांनी मत गेलं. त्यानंतर तर आपण आणखी घसरलो, २०२५ च्या जुलैत १३३ वे.

मुळात या नियमाचा तर्कच मला पटत नाही. देशाची क्रमवारी खेळाडूंच्या पायांवरून ठरते. तिच्यावरून पत्रकाराच्या डोळ्यांची परीक्षा कशी घेणार? १९५६ मध्ये लंडनच्या पत्रकाराने बुडापेस्टचे किती सामने बघितले असतील? बरंचसं काम रेडिओ आणि तारा यांवर. तरी त्याचं मत चाललं. आज कोलकात्याचा, गोव्याचा, मलप्पुरमचा पत्रकार दर शनिवार-रविवारी रात्र जागून तेच सामने बघतो जे लंडनचा बघतो. कोलकात्यात शंभर वर्षांहून जुने क्लब आहेत, तिथल्या क्रीडा पानांवर तीन-तीन पिढ्या फुटबॉलवर लिहीत आल्यात. आपला संघ हरतो म्हणून यांची नजर अधू झाली? उलट ज्याचा कुणी खेळाडू, कुणी क्लब शर्यतीतच नाही, तो जास्त तटस्थ असतो. माद्रिदच्या पत्रकाराला सकाळी माद्रिदच्या रस्त्यावरून घरी जायचं असतं.

दुसरी बाजूही आहे, ती लपवत नाही. शेदोनशे मतांत काही मतं अशीही यायची की मतदाराने सामने बघितलेत की नुसते मथळे, अशी शंका यावी. पण त्यावर उपाय आहे, आणि तो तक्त्यातच आहे. ज्याचं मत हास्यास्पद असेल त्याला पुढच्या वर्षी बदला. माणूस बदला, देश कापू नका. आमच्याकडे एखाद्या वार्ताहराची बातमी खोटी निघाली तर त्याला काढतात, त्याचं गाव नकाशावरून पुसत नाहीत.

सत्तर वर्षांच्या या इतिहासात मला तरी एवढंच दिसतं. पत्रकारांनी पुष्कळदा चूक माणूस निवडला. कधी ट्रॉफीला भुलले, कधी नावाला, कधी घाईत मत देऊन मोकळे झाले. मतपत्रिकेवर कुणाचं नाव लिहायला परवानगी आहे, इथे तर त्याहून मोठा अन्याय झाला. पण पुरस्कार टिकला, कारण मतदाराला स्वतःच्या नावाने मत द्यावं लागलं आणि दुसऱ्या दिवशी कुणीही येऊन त्याला विचारू शकलं, 'का रे बाबा, हा तुला दिसला नाही?'

तेव्हा पुढच्या वेळी निकाल लागला की भांडा, जरूर भांडा. पण भांडण्याआधी तो मतांचा तक्ता शोधून बघा. कुठल्या देशाच्या कुठल्या पत्रकाराने कुणाला पहिलं ठेवलं ते वाचा. आणि आपल्या गावात कुणाला पुरस्कार जाहीर झाला, की हार घालायच्या आधी एकदा आयोजकांना विचारा, मतपत्रिका कुठाय?

बॅलन डी'ओरच्या तक्त्यात भारताची ओळ परत कधी दिसेल माहीत नाही. ती संघाच्या क्रमवारीवर अवलंबून ठेवली, तर आमच्या पिढीने वाट बघत बसायला नको.